पादशुद्धीचं तपकिरी पाणी

"बघा, बघा! आलं! यकृताचं आलं!"

सुधन्वाजी असं म्हणाले की हॉलमधली पन्नास माणसं एकदम पुढे झुकायची. मागचे लोक प्लास्टिकच्या खुर्च्यांवर चढायचे. पुढे चार टब, प्रत्येकात यंत्राची वायर लावलेली एक डबी, टबांत चार जोड्या पाय, आणि थोड्या वेळापूर्वी आरशासारखं नितळ असलेलं पाणी आता चहाच्या चोथ्यासारखं. वर पिवळट फेस, तळाशी काळे कण. ज्यांचे पाय होते ती माणसं स्वतःच्या घाणीकडे अशा कौतुकानं बघत होती, जशी बाळंतीण बाळाकडे बघते.

हे कुठल्या आडगावात नव्हे. दिल्लीत, द्वारकेत, सरकारी नोकरांनी बांधलेल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये, रविवारी सकाळी दहा वाजता. बघणाऱ्यांत दोन निवृत्त अंडर सेक्रेटरी होते, एक ऑडिटवाले होते, गुडगावच्या काचेच्या ऑफिसांत बसणारी पोरं होती. त्या हॉलमध्ये सगळ्यांत कमी शिकलेली मीच. चौथी पास. आणि दाराजवळ, चपला न काढता उभी असलेलीही मी एकटीच.

आमच्याकडे मराठी घरं एकतीस. बाहेर दिवसभर "भैया, ठीक लगाओ" करून जीभ शिणलेली असते. अशात कुणी अनोळखी माणूस समोर येऊन "काय माई, जेवलात का?" म्हणाला की आमची मंडळी विरघळलीच. त्याचं गाव विचारतात, आडनाव विचारतात, लांबचा कुणी पाहुणा निघतो का बघतात, आणि त्यानंतर काहीच विचारत नाहीत. सुधन्वाजींचं मराठी तर साजूक तुपातलं. दाढी नाही, भगवं नाही. पांढरा लिननचा कुर्ता, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. बाबा म्हटलं की हात जोडून म्हणायचे, "छे छे, मी बाबा नाही. मी फक्त पाय धुणारा सेवक."

पाय धुणं म्हटल्यावर आमच्या बायका गहिवरल्याच. सवाष्णीचे पाय धुवायचे, जावयाचे धुवायचे, हे आपल्यात असतंच. त्याला यंत्र लागत नाही, एवढं मात्र कुणाला सुचलं नाही.

टब भरता भरता त्यांचं बोलणं चालू असायचं.

"तुमचं विज्ञान काय म्हणतं? काल म्हणालं तूप वाईट. आज म्हणतं, थोडं खा. काल अंड्याचा बलक म्हणजे विष. आज म्हणतं, चालेल. काल प्लूटो ग्रह होता, आज नाही. अहो, ज्यांना ग्रह धड मोजता येत नाहीत ते तुमची साखर मोजणार? आमचं ज्ञान पाच हजार वर्षांचं. त्यात काना-मात्रा बदललेला नाही. बदलतं ते अज्ञान! बदलत नाही ते ज्ञान!"

टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात टाळ्या आमच्या ह्यांच्या.

ह्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. वय एकोणऐंशी. बावीस वर्षांची साखर, आठ वर्षांपासून इन्सुलिन. तळपाय इतके बधिर, की चप्पल पायात आहे की मागे राहिली ते खाली बघितल्याशिवाय कळत नाही. असा माणूस ऐन थंडीत पाय गरम पाण्यात सोडून टाळ्या वाजवत होता, आणि घरी फ्रिजच्या दारात इन्सुलिनची पेनं तशीच पडून होती. सुधन्वाजींनी सांगितलं होतं, "एकवीस बैठका होईपर्यंत सुई बंद. आधी यकृत मोकळं होऊ द्या." ही नववी बैठक होती.

आता कुणी म्हणेल, सरकारी खात्यातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेला माणूस असल्या थापेला भुलला कसा? तर सांगते. ह्यात माझाही हात आहे.

दिवाळीच्या आधी आम्ही विनया डॉक्टरकडे गेलो होतो. पोरगी तरुण आहे, पण हात लावते तो जपून. ह्यांचे कागद बघून म्हणाली, "काका, ही रोजची रक्त पातळ करायची छोटी गोळी आता बंद करूया."

"का? आधीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आयुष्यभर घ्या म्हणून."

"तेव्हा बरोबर होतं. आता नवीन माहिती आहे."

बाहेर बाकांवर तीस माणसं बसलेली. तिला सांगायला वेळ नव्हता, ह्यांना विचारायचा धीर नव्हता. घरी आल्यावर मात्र हे दारात बूट काढताना भडकले. "वीस वर्षं गिळली ती गोळी! तेव्हा बरोबर, आता चूक? उद्या म्हणतील, इन्सुलिनही चूक होतं. ह्यांचं ह्यांनाच काही माहीत नाही!"

आणि मी काय केलं? तेल ओतलं. म्हटलं, "माझा अमोल झाला तेव्हा डॉक्टरीणबाईनं डब्याचं दूध लिहून दिलं होतं. अंगावरच्यापेक्षा पौष्टिक म्हणाली. नातवाच्या वेळी डब्याचं नाव काढलं तर नर्स माझ्या अंगावर धावून आली. वनस्पती तुपाचं तेच. आधी खा, खा. मग टाका, टाका. पळसाला पानं तीनच, आणि डॉक्टरांना तोंडं दोन."

मला वाटलं, मी झणझणीत बोलले. तसलंच बोलणं पंधरा दिवसांनी सुधन्वाजींच्या तोंडून ऐकलं. चोर आपल्याच घरातली शिडी लावून वर चढला, असं वाटलं.

त्या रविवारी माझ्या शेजारणीची, हेमलताची, सहा वर्षांची नात मैत्रेयी हट्ट करून टबात पाय घालून बसली. तिचंही पाणी तसंच झालं. तोच रंग, तोच फेस.

सुधन्वाजींनी सुस्कारा सोडला. "आजकालची मुलं. हे पिझ्झाचं विष."

"पर अंकल, मैं तो नहा के आई हूँ!"

लोक हसले. मला हसू आलं नाही. एकोणऐंशी वर्षांचा मधुमेही आणि सहा वर्षांची पोर, दोघांच्या पोटात एकच रंग? चार बायकांनी चार चुलींवर आमटी केली तर चार रंग होतात. इथे पन्नास माणसांची घाण, आणि रंग एक!

शिवाय तो रंग मी आधी कुठेतरी बघितला होता. कुठे, ते आठवेना.

आठवलं ते दुपारी, स्वयंपाकघरात, पाणी गाळायच्या यंत्राखाली तांब्या धरला तेव्हा. बारा-एक वर्षांपूर्वी ते यंत्र विकायला एक माणूस आला होता. त्यानं ओट्यावर दोन पेले ठेवले. एकात नळाचं पाणी, एकात त्याच्या यंत्राचं. दोन्हींत लोखंडाच्या सळ्यांची जोडी सोडली आणि बटण दाबलं. नळाचं पाणी बघता बघता तपकिरी झालं, वर पिवळा फेस आला. "देखिए माताजी, यही पीते हैं आप!" मी घाबरून त्याच दिवशी यंत्र घेतलं.

तोच रंग होता. तोच फेस. तेव्हा घाण पाण्यातली होती, आता पायातली झाली.

मी सुनेला हाक मारली. रसिका नोएडात कंपनीत आहे, रविवार म्हणून घरी होती; सोमवारीही ती घरी बसूनच काम करते. कान उपटावा असं वाटलं, कारण तीही दोनदा टबात पाय घालून आली होती.

"रसिका, तू इंजिनीअर ना गं?"

"आई, मी सॉफ्टवेअरची."

"म्हणजे लोखंड गंजतं ते तुम्हाला शिकवत नाहीत?"

मी तिला दोन पेल्यांची गोष्ट सांगितली. ओट्यावर चढून बसली होती, ती ऐकता ऐकता खाली उतरली. "आई, ते पाणी गाळलेलं असतं ना, त्यात क्षार नसतात, म्हणून वीज नीट वाहत नाही. म्हणून त्याचा पेला स्वच्छ राहिला. नळाच्या पाण्यात क्षार असतात. वीज वाहते, सळ्या गंजतात. तो गंज आहे. घाण नाहीच."

"आणि सुधन्वा तर गाळलेलंच पाणी वापरतो. मोठी वीस लिटरची कॅन आणतो. मग त्याचं पाणी कसं रंगतं?"

 आम्हा दोघींना एकदमच सुचलं. हिमालयाचं मीठ! प्रत्येक टबात तो मंत्र म्हणून मूठभर मीठ टाकायचा.

"शी, आई. मी त्याचा व्हिडिओ स्टेटसला टाकला होता."

"तो काढ. आणि तुझ्या सासऱ्यांना हे सांगायचं कसं ते बघ."

पण बघायला वेळच मिळाला नाही. संध्याकाळी ह्यांचे मोजे धुवायला घेतले, तर उजव्या मोज्याला डाग. मी ह्यांना पलंगावर बसवून पाय वर ओढला. करंगळीवर फोड येऊन फुटलेला, कडेची कातडी पांढरी, आत लाल.

"अहो, हे काय? दुखत नाही?"

"काही नाही दुखत."

"पाणी किती गरम होतं?"

"छान कोमट होतं."

"तुम्हाला काय कळतं कोमट! उकळत्या आधणात पाय दिला तरी तुम्ही छान म्हणाल. उठा, विनयाकडे जाऊ."

"अजिबात नाही. सुधन्वाजी म्हणाले, असा फोड आला तर समजा विषाला वाट मिळाली. एकवीस होऊ दे."

 साखरेच्या माणसाचा पाय म्हणजे काय असतो, ते मला माहीत होतं. माझ्या दिराचा असाच एका फोडापासून गुडघ्यापर्यंत गेला. अजून बारा बैठका थांबायचं म्हणजे पाय जायचा. त्या बारा बैठकांत फोड थांबणार नव्हता.

रागावले असते तर हे अजून हटून बसले असते. मी खुर्ची ओढून समोर बसले.

"तुमच्या ऑफिसातलं ते नियमांचं जाड पुस्तक आठवतं?"

"त्याचं काय?"

"दर महिन्याला त्याच्या दुरुस्तीच्या चिठ्ठ्या यायच्या. रविवारी तुम्ही डिंकाची बाटली घेऊन बसायचात. जुन्या नियमावर नवी चिठ्ठी चिकटवायची, बाजूला तारीख टाकायची. चौतीस वर्षं माझी चादर डिंकानं कडक केलीत. चिठ्ठ्या लावून लावून पुस्तक फुगलं. त्याला कधी खोटं म्हणालात?"

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

"प्रत्येक चिठ्ठीवर नंबर असायचा. कुणी बदललं, कधी बदललं, का बदललं, सगळं काढता यायचं. कारणाशिवाय चिठ्ठी निघत नसे."

"मग विनयाला तुम्ही कारण विचारलंत?"

ह्यांनी पाय मागे घेतला.

"मीही नाही विचारलं. नुसती तोंडं वाजवली. आणि ह्या सुधन्वाचं पुस्तक! पाच हजार वर्षांत एक चिठ्ठी नाही म्हणे. चिठ्ठी न लागलेलं पुस्तक तुमच्या ऑफिसात कुठलं असायचं?"

ह्यांच्या तोंडून निघून गेलं, "जे कुणी उघडतच नसे ते." मग स्वतःवरच चिडले. "अगं, पण मी डोळ्यांनी बघतोय पाणी काळं होताना! तू चौथी शिकलेली बाई, शब्दांनी मला गुंडाळू नको. दाखव. दाखवलंस तर ह्याच पायानं दवाखान्यात येतो."

"दाखवते. पण उद्याच."

मी सुधन्वाजींना फोन लावला. आवाजात मध घातला. माझी फार इच्छा आहे, पण ह्या वयात हॉलमध्ये चारचौघांत पाय उघडे टाकणं बरं दिसत नाही, घरीच याल का, म्हटलं. माणूस खूष. सोसायटीतल्या ज्या बायका अजून काठावर होत्या त्या माझ्याकडे बघून थांबलेल्या, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणाला, "माई, सगळ्यांना बोलवा. उद्या तुमच्यापासून नवी सुरुवात."

मी सगळ्यांना बोलावलं. हेमलतानं फोनवर विचारलंसुद्धा, "भानू, तू आणि लाज? तब्येत बरी आहे ना?"

सकाळी रसिका बाजारातून दुधी घेऊन आली. दिल्लीचे दुधी, हातभर लांब.

"आई, दोन पुरतील की चार आणू?"

"माणसाला पाय किती असतात?"

अकराला घर भरलं. मी दिवाणावर बसले, कमरेपासून जमिनीपर्यंत मोठी शाल पसरली. सुधन्वाजींनी टबात कॅनमधलं पाणी ओतलं, मीठ मंत्रून टाकलं, पाण्यात वायरची डबी सोडली. गोल, जाळीची, आत लोखंडाच्या पट्ट्या. मग मी म्हटलं, "आता जरा तोंड फिरवा. पाय आत घेईपर्यंत." ते भिंतीकडे तोंड करून श्लोक म्हणू लागले. रसिकानं टब शालीखाली सरकवला. काय करायचं ते करून ती बाजूला झाली. मी मांडी घालून बसले. पाय शालीत, कोरडे ठणठणीत.

बटण दाबलं. वीस मिनिटं सुधन्वाजींनी तूप, बलक आणि प्लूटो पुन्हा सगळ्यांना वाढले. मग म्हणाले, "ताई, पेलाभर पाणी काढा."

रसिकानं शालीखाली हात घालून काचेचा पेला भरला. पाणी तपकिरी. खोलीतून "अरे बाप रे" निघालं. सुधन्वाजींनी पेला खिडकीशी धरला, डोळे बारीक केले.

"माई, फार साठवलंत. हा तपकिरी रंग यकृताचा. हे काळे कण बघितलेत? आयुष्यभर घेतलेल्या गोळ्या. आणि ही पिवळी झाक, हा वात. डावा गुडघा."

"दुखतो उजवा."

"दुखतो उजवा, पण मूळ डाव्यात."

"अच्छा! आणि मनातलंही येतं का हो ह्यात?"

"येतं ना. सासरी तुम्हाला फार सोसावं लागलंय."

"माझ्यामुळे सासरच्यांना, असं आमचे हे सांगतील. रसिका, शाल काढ."

शाल निघाली. टबात दोन दुधी, देठ वर करून, पाहुण्यांसारखे उभे.

क्षणभर कुणाला कळेना. मग हेमलता ओरडली, "अगं बाई, दुधी!"

"हो. दुधीचं यकृत. दुधीनं आयुष्यभर घेतलेल्या गोळ्या. आणि डावा दुधी जरा वातानं धरलाय." मी पाय खाली सोडून सगळ्यांना दाखवले. "सासुरवास मात्र ह्या दोघांना खरंच व्हायचाय. संध्याकाळी चिरणार आहे."

घर हसण्यानं दणाणलं. मला वाटलं, झालं काम. पण तो मुरलेला होता. त्यानं शांतपणे हात वर केला.

"हसू नका. दिल्लीत ही भाजी कुठल्या पाण्यावर पिकते? नाल्याच्या! त्यावर औषधं कसली मारतात? तीच बाहेर आली. माईंनी माझी थट्टा केली, आणि यंत्र खरं आहे हे त्यांनीच सिद्ध केलं!"

हसू बंद. लोक एकमेकांकडे बघू लागले. भाजीची भीती इथे घराघरांत. ऑडिटवाले म्हणाले, "पॉइंट आहे हं." हेमलता तर म्हणाली, "म्हणजे भाजीसुद्धा आधी टबात घालायला हवी."

खरं सांगते, हे मला सुचलंच नव्हतं. दुधी टाकून वाद संपेल असं धरून चालले होते. रसिकाकडे बघितलं, तर ती माझ्याकडे.

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला. "रिकामा लावा."

आमचे हे उठले होते. जखमी पाय ओढत टबाशी आले.

"नवं पाणी घ्या. तेच मीठ, तेवढंच. तीच डबी. आत पाय नको, दुधी नको, काही नको."

"भाऊसाहेब, यंत्र रिकामं चालवू नये. ऊर्जा उलटते."

"कुणावर?"

"ते... घरावर."

"घर माझं आहे. लावा." हा आवाज मी कित्येक वर्षांनी ऐकला. ऑफिसातला.

सुधन्वाजी जागचे हलेनात. रसिकानं टब धुतला, पाणी ओतलं, मीठ टाकलं, बटण दाबलं. चहा आला. कुणी कपाला हात लावेना. पन्नास डोळे त्या पाण्यावर. पाच मिनिटांत पाणी पिवळं पडलं. दहाव्याला फेस आला. विसाव्याला तोच चहाचा चोथा.

ह्यांनी वाकून टबात बघितलं. मग सरळ होऊन विचारलं, "हे यकृत कुणाचं?"

ऑडिटवाले खुर्ची सोडून टबाशी येऊन वाकले.

"आता मिठाशिवाय लावा," हे म्हणाले. लावलं. अर्धा तास गेला. पाणी जवळजवळ तसंच नितळ. मूठभर मीठ टाकलं, आणि रंगू लागलं.

रसिकानं प्लग काढून डबी बाहेर घेतली आणि सगळ्यांच्या हातात फिरवली. पट्ट्या कडांनी झिजलेल्या, त्यांचे पोपडे बोटाला लागत होते. मी वास घेतला. पावसाळ्यात ओल्या राहिलेल्या माझ्या तव्याचा वास. त्या पन्नास माणसांच्या पोटातून एक थेंबही बाहेर आला नव्हता. मिठाच्या पाण्यातून वीज जात होती, लोखंड गंजत होतं, आणि पन्नास माणसं त्या गंजाला आपलं पाप समजून हात जोडत होती. पाय टबात घालणं हे नुसतं नाटक. खरं तर त्या पाण्याला पायांची गरजच नव्हती.

"जिथे विश्वास नाही तिथे ऊर्जा वाहत नाही," वायर गुंडाळत सुधन्वाजी म्हणाले.

"जिथे मीठ नाही तिथे," रसिका म्हणाली.

दारात मी त्यांना म्हटलं, "अहो, माझं नाव भानुमती. हिंदीत माझ्या नावानं पिटारा सांगतात, जादूची पेटी. पण तो घेऊन हिंडता तुम्ही!"

गेले. गाझियाबादकडे टब लावतात असं ऐकते. आमच्यातली दोन घरं अजून तिकडे जातात. एकदा स्वतःची घाण डोळ्यांनी बघितली असं वाटलं, की ती खोटी होती हे मानणं जड जातं. पोलिसांत लेखी तक्रार मात्र आम्ही दिली. मसुदा ह्यांनी केला, सह्या बावीस.

ह्यांनी शब्द पाळला. त्याच दुपारी त्याच पायानं दवाखान्यात आले. साखर चारशेच्या वर. विनयानं पाय बघितला, आणि तिचा चेहरा बघून मला कळलं. त्याच दिवशी इस्पितळात दाखल केलं. करंगळी काळी पडत गेली, ती काढावी लागली. पाय वाचला. सर्जन म्हणाले, आणखी आठवडा गेला असता तर सांगता आलं नसतं.

घरी आल्यावर पहिल्या ड्रेसिंगला गेलो. ह्या वेळी हे खिशात कागद-पेन घेऊन गेले होते.

"डॉक्टर, ती छोटी गोळी तुम्ही बंद केलीत. का, ते सांगा. बाहेर तीस माणसं असू देत."

विनया हसली, स्टूल ओढून बसली. "काका, आधी जेवढी माणसं तपासली होती त्यांवरून दिसत होतं, की ती गोळी हृदयाचा झटका टाळते. मग तुमच्या वयाची, हृदयाचा त्रास कधीच न झालेली हजारो माणसं घेतली. निम्म्यांना गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी. काही वर्षं लक्ष ठेवलं. झटके फारसे कमी झाले नाहीत, पोटात आणि मेंदूत रक्तस्राव मात्र वाढले. म्हणून तुमच्यासारख्यांना बंद. ज्यांना आधी झटका येऊन गेलाय त्यांना चालूच आहे. त्यांनी आपल्या मनानं सोडायची नाही."

"खोटी गोळी घेणाऱ्यांना माहीत नव्हतं?"

"देणाऱ्यालाही नव्हतं."

हे माझ्याकडे वळले. "म्हणजे त्यांनीही रिकामा टब लावून बघितला."

मग तिनं जखम उघडली. मिठाच्या पाण्यानं धुतली, ओलसर पट्टी ठेवून बंद केली. मी म्हटलं, "अगं, आमच्या वेळी जखम उघडी ठेवायचे. वाळू द्यायचे. ते फेस येणारं औषध ओतायचे."

"हो काकू. मग कळलं, की ते औषध नवी येणारी कातडीही जाळतं. आणि झाकून ओलसर ठेवलेली जखम लवकर भरते. दोन्ही तऱ्हेच्या जखमा शेजारी शेजारी ठेवून बघितल्या तेव्हा कळलं."

महिनाभरापूर्वी हे इथेच भडकले असते. आता त्यांनी कागदावर तारीख टाकली, ते लिहून घेतलं आणि विचारलं, "उद्या हेही बदलेल?"

"बदलू शकतं."

"मग?"

"बदललं तर सांगेन. का बदललं तेही सांगेन."

ह्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि पट्टी बांधायला पाय पुढे केला.

बायांनो, मला शिकवता येत नाही, आणि मी कुणाला शिकवायला बसलेलीही नाही. आमच्या घरात एक करंगळी कमी आहे, एवढ्यापुरतं ऐका. डॉक्टरचं बोलणं बदललं तर घाबरू नका, लाजू नका, खुर्ची धरून बसा आणि कारण विचारा. कारण सांगता येत नसेल तर दुसऱ्या डॉक्टरकडे जा. सुई मात्र आपल्या मनानं बंद करू नका. आणि कुणी तुमच्या पायातून, पोटातून, नशिबातून काही काढून दाखवायला आला, तर आधी त्याला तुमच्याशिवाय ते यंत्र चालवून दाखवायला सांगा. खरा असेल तर तो लगेच चालवेल, चुकला असेल तर डोकं खाजवत बसेल. रागावला, तर चपला घाला आणि घरी या.